गुडघा बदलायचा की पाय सरळ करायचा?

निपाणीत गुडघ्यांचा विषय काढायला कुणाला निमित्त लागत नाही. आठवडी बाजारात, लग्नात, एस.टी. स्टँडवर, कुठंही दोन ओळखीच्या बायका भेटल्या की आधी पोराबाळांची चौकशी होते आणि लगेच "गुडघं कसं हायती?" गेल्या वीसेक वर्षांत पुढं आणखी एक प्रश्न आला आहे, "बदलून घेतलं का न्हाई अजून?"

ही भाषा आपल्या घराघरांत कधी आली, ते बऱ्यापैकी सांगता येतं. २००० साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, २००१ मध्ये उजवा. पेपरात रोज बातमी होती. त्यानंतर गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना कळलं की असंही काही असतं. पुढं ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्रास वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तोवर सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जायचा, तो जीएसटी वगळता ५४,७२० रुपयांवर आला. आवाक्याबाहेरची गोष्ट आवाक्यात आली आणि 'बदलून घेणं' हा शब्द रुळला.

ते चांगलंच झालं. माझ्या थोरल्या आत्यानं सत्तराव्या वर्षी दोन्ही गुडघे बदलून घेतले. त्याआधी दोन वर्षं ती अंगणाबाहेर पडली नव्हती. आता भिंतीला हात न लावता चालते, कट्ट्यावर बसून सगळ्या गल्लीची खबर ठेवते. तिच्या बाबतीत दुसरा कुठला पर्याय शोधणं हा वेळेचा अपव्यय ठरला असता. सांध्याची आतली, बाहेरची आणि वाटीमागची, तिन्ही बाजूंची झीज झालेली होती.

पण मला लिहायचं आहे ते आईबद्दल. आई चोपन्न वर्षांची. उजवा पाय चालताना बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकायचा, आमच्याकडं फेंगडा म्हणतात तसा. डावाही तसाच, पण कमी. दुखणं गुडघ्याच्या आतल्या अंगाला, बोट ठेवून दाखवता येईल इतकं नेमकं. ज्या दवाखान्यात आम्ही तिला पहिल्यांदा नेलं, तिथं पाच मिनिटांत "दोन्ही बदलून टाकू" असं सांगितलं आणि तारीखही विचारली. झोपवून काढलेले दोन एक्स-रे बघून. दादा पैशांची जुळवाजुळव करायलाही लागला होता.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "मांडी घालाय येतंय का, तेवढं इचार."

हा प्रश्न शहरात राहणाऱ्या आपल्याला किरकोळ वाटतो. घरात कमोड आहे, डायनिंग टेबल आहे. आईचं तसं नाही. ती लहानपणी आजीबरोबर तंबाखूच्या वखारीत गेली, लग्नानंतर घरी सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या, आणि अजूनही आमच्या तुकड्यात सोयाबीनच्या भांगलणीला उकिडवी बसते. निपाणी म्हटलं की बाहेरच्या लोकांना १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन आठवतं, शरद जोशी आठवतात. वखारीतल्या बायका त्या मानानं कमी आठवतात. त्यांच्या संघटनेवर दीपा धनराज आणि 'युगांतर' या गटानं १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला होता. तंबाखूची रास, चाळणी आणि जमीन यांच्यामध्ये ज्यांचं आयुष्य गेलं, त्या पिढीला खाली बसता न येणं म्हणजे निम्मं घर बंद होण्यासारखं असतं. बदललेल्या गुडघ्यावर मांडी घालून बसणारे लोक आहेत, पण बहुतेक शल्यविशारद उकिडवं बसणं आणि जड ओझी उचलणं टाळायलाच सांगतात.

दुसरं मत घ्यायला आम्ही कोल्हापूरला गेलो. निपाणीहून चाळीसेक किलोमीटर, बेळगावपेक्षा जवळ. तिथल्या डॉक्टरांनी आधीचे एक्स-रे बाजूला ठेवले आणि आईला उभं करून, कमरेच्या सांध्यापासून घोट्यापर्यंतचा अख्खा पाय एकाच चित्रात येईल असा एक्स-रे काढायला पाठवलं. मग त्या चित्रावर पट्टी ठेवून एक रेघ ओढली. खुब्याच्या गोलाच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत. सरळ पायात ही रेघ गुडघ्याच्या जवळपास मधून जाते. आईच्या पायात ती गुडघ्याच्या आतल्या कडेला, जवळजवळ हाडाच्या बाहेरून गेली होती.

ती रेघ बघितल्यावर मला दुखणं कळलं. बैलगाडीचा कणा वाकला की एकाच चाकावर भार येतो, ते चाक आधी झिजतं, झिजलं की गाडी आणखी कलते, कलली की आणखी झिजतं. सरळ पायातसुद्धा चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर निम्म्याहून अधिक भार येतो. पाय वाकडा झाला की जवळपास सगळाच तिथं येतो. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळं एकदा झिजलं की ते पहिल्यासारखं भरून येत नाही. आईच्या गुडघ्याची आतली बाजू पार घासली गेली होती. पण बाहेरची बाजू? डॉक्टरांनी पेनचं टोक तिथं ठेवलं. "ही बघा, ही जवळजवळ कोरी आहे. अर्धा गुडघा चांगला असताना अख्खा कशाला काढायचा?"

त्यांनी सुचवलेल्या शस्त्रक्रियेचं नाव हाय टिबिअल ऑस्टिओटॉमी. गुडघ्याला हात लावायचा नाही. त्याच्या खाली, नडगीच्या हाडाला आतल्या बाजूनं आडवा छेद द्यायचा, पण आरपार नाही. बाहेरच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटर हाड अखंड ठेवायचं, ते बिजागरीसारखं काम करतं. मग छेद हळूहळू उघडायचा, ठरलेले तेवढेच मिलिमीटर, आणि पाय सरळ झाला की पट्टी आणि स्क्रूनं हाड पक्कं करायचं. उघडलेल्या फटीत पुढच्या काही महिन्यांत नवं हाड भरतं. भार आता झिजलेल्या बाजूवरून उचलून कोऱ्या बाजूकडं सरकलेला असतो. रेघ नेमकी कुठून जावी यावरही अभ्यास झालेला आहे. जपानच्या फुजिसावा यांनी १९७९ साली मांडलेला ठोकताळा आजही वापरतात. नडगीच्या माथ्याची रुंदी आतल्या कडेपासून शंभर धरली, तर रेघ बासष्टच्या आसपास पडावी, म्हणजे मध्यापासून किंचित बाहेर. बासष्टवर एवढी मारामारी का, असं मी विचारलं होतं. कमी झालं तर दुखणं परत येतं आणि जास्त झालं तर चांगली बाजू झिजायला लागते, असं उत्तर मिळालं.

ही काही नवी युक्ती नाही. इंग्लंडमध्ये जॅक्सन यांनी १९५८ मध्ये यावर लिहिलं, अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी साठच्या दशकात ती रुळवली. पुढं सांधेबदल इतका यशस्वी झाला की हाड कापून पाय सरळ करायची शस्त्रक्रिया मागं पडली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत स्क्रू ज्यांच्यात घट्ट अडकतात अशा मजबूत पट्ट्या आल्या, प्लास्टरमध्ये पाय अडकवून ठेवायची गरज संपली, आणि ती परत आली. तरीही ती आपणहून सुचवणारे कमी भेटतात. सांधेबदलाचा निकाल महिन्या-दीड महिन्यात दिसतो, पेशंट खूश होतो. हाड जुळायला मात्र वाट बघावी लागते, आणि वाट बघायला लावणारा डॉक्टर कुणाला आवडत नाही. हे माझं मत, डॉक्टरांचं नव्हे.

चोपन्नाव्या वर्षी सांधा बदलण्यात अडचण काय, असं दादानं विचारलं. रास्त प्रश्न होता. कृत्रिम सांधे आता चांगले टिकतात. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात पंचवीस वर्षांनंतरही शंभरातले ब्याऐंशी जागेवर होते. पण ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासानं दुसरी बाजू दाखवली. सत्तरीनंतर सांधा बदलला तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता शेकडा पाचच्या आसपास. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलला तर पुरुषांमध्ये ती शेकडा पस्तीसपर्यंत जाते, बायकांमध्ये त्याहून कमी, तरी दुर्लक्ष करावी इतकी नाही. पहिल्यापेक्षा दुसरी खेप अवघड असते, कारण मधल्या काळात हाड कमी झालेलं असतं. हाड सरळ करण्याची शस्त्रक्रियाही जन्मभराची हमी देत नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत दहा वर्षांनी शंभरातल्या पंचाहत्तर ते नव्वद जणांचा स्वतःचा गुडघा टिकलेला दिसतो, नंतर आकडा उतरतो. पण तेव्हा सांधा बदलायचा रस्ता मोकळा असतो, आणि आई तेव्हा आत्याच्या वयाची असेल.

मात्र ही शस्त्रक्रिया सगळ्यांची नाही, हे वाचकांनी ठळक ध्यानात ठेवावं. झीज एकाच बाजूची हवी. आमवात, म्हणजे रुमेटॉइड संधिवात नको, कारण तो अख्खा सांधा खातो. गुडघा काटकोनाच्या पुढं वाकायला हवा, आणि फार आखडलेला नको. स्नायुबंध शाबूत हवेत. वय साधारण साठ-पासष्टच्या आत असलेलं बरं, पण वयापेक्षा हाडाची ताकद आणि माणसाची धडपड जास्त बघतात. आत्या यातल्या दोन-तीन अटींतच बाद झाली असती. पंधरा वर्षांपूर्वी मात्र ती बसली असती, असं तिचे जुने एक्स-रे बघून याच डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे ही सवड कायम उघडी राहत नाही.

आईच्या शस्त्रक्रियेआधी सगळ्यात मोठं भांडण झालं ते मशेरीवरून.

निपाणीच्या बायकांना मशेरी काय ते सांगायला नको, पण बेंगळुरू-पुण्यात वाढलेल्यांसाठी सांगते. तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी-संध्याकाळी बोटानं दातांना, हिरड्यांना लावायची. आईला ती आजीकडून मिळाली, वखारीत सगळ्याच लावायच्या. डॉक्टरांनी विचारलं आणि ती खोटं बोलली नाही. त्यांनी सरळ सांगितलं, "आठ आठवडे आधी बंद. नंतर हाड जुळेपर्यंत बंद. नाहीतर मी करत नाही." आई म्हणाली, "मशेरी दाताला लावतीया, हाडाला न्हाई." खोलीत सगळे हसले, डॉक्टरसुद्धा. मग त्यांनी समजावलं. निकोटीन कुठूनही आत गेलं, तरी रक्तातच जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. उघडलेल्या फटीत नवं हाड भरायला रक्तपुरवठा लागतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही, हे पक्कं माहीत आहे. मशेरीतही निकोटीनच, म्हणून ते जोखीम घ्यायला तयार नव्हते.

चाळीस वर्षांची सवय. पहिले पंधरा दिवस घरात कुणी तिच्या वाटेला जात नव्हतं. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, पोट साफ होत नाही म्हणून ती मला फोनवर बोल लावायची. वहिनीनं डबा लपवला तर शेजारच्या काकूंकडून आणायची, मग शेजारच्या काकूंनाही तंबी द्यावी लागली. सुपारी, बडीशेप, लवंग, सगळं झालं. ज्या पिकावर आमचं घर उभं राहिलं, तेच तिच्या हाडाच्या आड येत होतं. तिला ते कळत होतं, पण बोलून दाखवणं तिच्या स्वभावात नाही. "पाच किलो कमी करा" असंही सांगितलं होतं, कारण अंगावरचं एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे चार किलो उतरतात. तिनं साडेतीन केलं. मशेरी सोडल्यावर भूक वाढलेली असताना साडेतीन, म्हणून मी त्यावर काही बोलले नाही.

पैशांचं त्रांगडं वेगळं. सीमाभागात दवाखाना निवडताना आधी राज्य निवडावं लागतं. आमचं रेशनकार्ड कर्नाटकाचं, जवळचं मोठं शहर महाराष्ट्रात, आणि निपाणीचं म्हणून ओळखलं जाणारं देवचंद कॉलेजसुद्धा हद्दीपलीकडं अर्जुननगरात. आयुष्मान भारतचं कार्ड देशभर चालावं अशी मूळ कल्पना आहे. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही सरकारांत वादही झाला. आम्ही एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर चार दिवस फिरलो. 'ही शस्त्रक्रिया यादीत आहे, पण या दवाखान्यात नाही', 'दवाखाना आहे, पण कार्ड तिकडचं' अशी उत्तरं ऐकली आणि शेवटी पदरचे पैसे भरले. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी त्याच दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाकडून होकार लेखी घ्यावा. तोंडी होकार ऐनवेळी फिरतो.

शस्त्रक्रिया सव्वा-दीड तास चालली. दुसऱ्या दिवशी वॉकरवर उभी केली. दुखलं, भरपूर दुखलं, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिले सहा आठवडे त्या पायावर थोडाच भार द्यायचा होता. गुडघा वाकवायचे आणि मांडीचे स्नायू आवळायचे व्यायाम दिवसातून चार वेळा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध. छेदाची बिजागरी तडकणं, जंतुसंसर्ग, हाड उशिरा जुळणं, हे धोके आम्हाला आधीच कागदावर दाखवले होते. सहाव्या आठवड्याच्या एक्स-रेत फट काळीच दिसली, घरातले सगळे गप्प झाले. डॉक्टरांना त्यात विशेष वाटलं नाही. तिसऱ्या महिन्यात कडेनं धूसर पांढरं दिसायला लागलं, पाचव्यात फट ओळखू येईना. काठी तिनं चौथ्या महिन्यातच टाकली होती, कुणाला न विचारता.

माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंचं दुखणं याच्याही पुढं गेलेलं आहे. त्यांच्या नडगीच्या माथ्याची आतली बाजू खचून खाली बसली आहे, गुडघा चालताना डुगडुगतो. अशा पायात नुसतं खालून हाड सरळ करून भागत नाही. तिथं कधीकधी सांध्याच्या आतपर्यंत जाणारा छेद घेऊन खचलेली बाजूच वर उचलतात. ही पद्धत जपानी शल्यविशारदांनी विकसित केली. फार वाकडा पाय असेल तर हाडाभोवती बाहेरून कडी बसवून रोज थोडंथोडं सरळ करत नेणं हाही मार्ग आहे. कड्यांची ती कल्पना सायबेरियातल्या कुर्गानच्या गाव्रिल इलिझारोव्ह यांची, पन्नासच्या दशकातली. हाड कापून रोज एक मिलिमीटर, तेही एकदम नव्हे तर चार वेळा पाव-पाव, अशा वेगानं ताणलं तर मधे नवं हाड तयार होतं, हे त्यांनी दाखवलं. लोखंडी कड्यांतला पाय बघून माणूस दचकतो, पण सायबेरियाची ती विद्या विदर्भातही पोचली. अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी अनेक वर्षं इलिझारोव्ह तंत्रावर काम करत आहेत. तेव्हा 'फारच वाकडा झालाय, आता बदलण्यावाचून इलाज नाही' हे वाक्य कधी खरं असतं, कधी नसतं. ते वाकड्या पायांचंच काम करणाऱ्याला एकदा विचारून घ्यावं.

घरात निर्णय घेणारे, पैसे पाठवणारे, रजा काढून दवाखान्यात बसणारे आता आपण आहोत. म्हणून दोन गोष्टी सांगते. आईवडिलांचे पाय पुढून बघा. टाचा जुळवून उभं राहिल्यावर दोन गुडघ्यांमध्ये वाढत चाललेली फट दिसते का, ते बघा. जुन्या फोटोंशी ताडून बघितलंत तर आणखी बरं. आणि गुडघा बदलायचा सल्ला मिळाला की उभं राहून काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे मागा आणि विचारा: झीज एका बाजूची आहे की सगळीकडं? एका बाजूची असेल तर पाय सरळ करून भागेल का? नाही भागणार असं उत्तर आलं, तर का नाही ते विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आत्याच्या डॉक्टरांनी तिला दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं, आणि त्यांचं उत्तर 'बदलाच' हेच होतं.

आई सातव्या महिन्यात मांडी घालून बसली. पूर्वीइतका वेळ नाही, उठताना हात टेकावा लागतो, आणि भांगलणीला तिला अजून परवानगी नाही. पायातली पट्टी हवी तर दीड-दोन वर्षांनी काढतात. ती म्हणते राहू दे, पैसे दिलेत त्याचे. डाव्या पायाचा एक्स-रे दिवाळीनंतर काढायचा आहे. त्याची रेघ अजून गुडघ्याच्या आतून जाते, आणि डॉक्टर म्हणालेत की वजन आणखी उतरलं तर वर्षभर थांबून बघू. मशेरीचा डबा वहिनीनं कुठं ठेवलाय, ते तिला माहीत आहे असा मला दाट संशय आहे.